हात धुवेपर्यंत नाव विचारायचं नाही

वन्सं, तुमचा तेरावा व्हायच्या आधीच गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. वर मोठ्या अक्षरांत 'सेवामूर्ति', खाली कोपऱ्यात तुमचा फोटो, पासपोर्टला लावतात तेवढा, आणि उरलेल्या जागेत हात जोडून हसणारे पुढारी. तुमच्या नावाआधी 'स्वर्गीया', त्यांच्या नावाआधी 'यशस्वी'. त्यातल्या एकालाही मी कधी ब्रह्मा घाटाच्या पायऱ्या उतरताना पाहिलेलं नाही. तुमचे भाऊ म्हणाले, जाऊ दे गं, लोकांनी प्रेमानं लावलाय. मी म्हटलं, प्रेम होतं तर ताई जिवंत असताना एखादं गॅसचं सिलिंडर पाठवायचं होतं. ते पुन्हा पेपरात शिरले. तुम्हाला माहीतच आहे.

माणूस गेलं की रडू येतं म्हणतात. मला किळस येतेय. खरं सांगते, अजून धड रडलेलीसुद्धा नाही. रडायला बसलं की तो फ्लेक्स डोळ्यांपुढे येतो आणि डोकं फिरतं. तुम्ही असतात तर हसला असतात. "छोड मंगल, लूच्या एका झोतात फाटून जाईल" म्हणाला असतात आणि ताक घुसळायला बसला असतात.

मी मिरजेची. लग्न होऊन काशीत आले तेव्हा मला वाटायचं, नणंद म्हणजे सासूची धाकटी आवृत्ती. त्यात तुम्ही लग्न न केलेल्या, शाळेत मास्तरीण, आणि बोलणं अर्धं मराठी अर्धं बनारसी. मी बँकेत लागलेली. प्रत्येक गोष्टीला सही आणि पुरावा लागणारी बाई. सुट्टीच्या दिवशी तुम्ही मला ब्रह्मा घाटावर तुम्ही चालवायचात त्या जेवणघरात घेऊन गेलात. दुपारची पंगत होती. सगळ्या म्हाताऱ्या, बहुतेक आपल्याकडच्याच, कुणी नांदेडची, कुणी बार्शीची. मी पोळ्या वाढायला घेतल्या आणि पहिल्याच आजीला मोठ्या मायेनं विचारलं, "आजी, नाव काय तुमचं? कुठल्या?" तुम्ही माझ्या हातातली परात काढून घेतलीत आणि मला स्वयंपाकघरात पाठवून दिलंत. नव्या नवरीला, सगळ्यांच्या देखत. मी तिथं नारळ खवत बसले आणि तुम्हाला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते आज सांगत नाही.

सगळ्या जेवून उठल्यावर तुम्ही येऊन शेजारी बसलात. "पान वाढलं की पहिले जेवण," म्हणालात. "हात धुवेपर्यंत नाव विचारायचं नाही. गाव नाही, जात नाही, मुलं किती ते तर बिलकुल नाही. अगं, काशीवास काशीवास म्हणून आणून सोडतात गं यांना. नाव सांगितलं की मुलगा सांगावा लागतो. मुलगा आठवला की घास उतरत नाही."

तुमच्या आईनं घालून दिलेला नियम. हात धुतले की मात्र तुम्ही अडकित्ता घेऊन प्रत्येकीपाशी बसायचात, सुपारी कातरत चौकशी करायचात, आणि जे सांगतील ते खरं मानायचात. गोदाबाई एक दिवस सोलापूरच्या असायच्या, दुसऱ्या दिवशी पंढरपूरकडच्या. त्यांचं गोदा हे नावही मला बेतलेलंच वाटायचं. मी तुम्हाला बोलले तेव्हा तुम्ही म्हणालात, दोन्हीकडच्या असतील, तुला काय त्रास आहे? मला त्रास होता. मला तेव्हा ते फाजील लाड वाटायचे. बँकेत आम्ही खातं उघडायला आलेल्या माणसाला आधी तोंड उघडायला लावतो, मग खुर्ची देतो.

पण तुमच्या त्या लाडांवर जेवणघर चाललं हेही खरं. दशाश्वमेधावर श्राद्धाला येणारी आपल्याकडची मंडळी असायची. त्यांचे भटजी त्यांना म्हणायचे, तिकडं ब्रह्मा घाटावर आपल्या बायका जेवतात, काहीतरी देऊन जा. कुणी तांदूळ द्यायचं, कुणी तुपाचा डबा, कुणी वर्षाचं एक जेवण बांधून ठेवायचं. ती मंडळी गेली. आता येतात ती विमानानं येतात, हॉटेलात उतरतात, आरतीचा व्हिडिओ काढतात आणि परत. जे थोडे देणारे उरले ते आधी विचारतात, पावतीवर टॅक्स वाचतो का? टॅक्स वाचायचा तर संस्थेची नोंदणी नव्यानं करा, पोर्टलवर करा. पोर्टल म्हणतं, सगळ्या विश्वस्तांच्या मोबाईलवर ओटीपी येईल तो टाका. विश्वस्त बहुतेक सगळे मणिकर्णिकेवरून कधीच गेले, वन्सं. तिथं कुठला टॉवर लागतो?

आणि इथंच आपला वाद. मी अजूनही माझ्या म्हणण्यावरून हटलेली नाही, ऐकून ठेवा. मी म्हणत होते, टाकून दिलेल्या म्हातारीला जेवू घालणं हे सरकारचं काम आहे. आपण ते सरकारच्या वतीनं करतोय, तेही घरची डाळ घालून. मग त्यांच्या योजनेतून अनुदान घेतलं तर त्यात लाज कसली? आपल्याच करातला पैसा आहे तो. भीक मागत नाही आपण. तुम्ही म्हणायचात, पैसा देतील गं, पण मग मालक होऊन बसतील. मी म्हणायचे, बसू देत, हिशेब मागतील, देऊ. हिशेबाला कोण भितं? तुम्ही मान हलवायचात आणि विषय भाजीवर न्यायचात. मला त्याचा भारी राग यायचा. भांडायचं तर नीट भांडा ना!

शेवटी मीच अर्ज केला. तुम्ही सही केलीत, तोंड वाकडं करून का होईना.

त्या कार्यालयात मी काय काय पाहिलं ते तुम्हाला कधी पूर्ण सांगितलं नाही. तुम्ही म्हणाला असतात, मी सांगत होते ना. पहिल्याच दिवशी जिन्यात एक गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस भेटला. म्हणाला, "आंटीजी, फाइल अपने आप नहीं चलती." त्याचं कार्ड मी त्याच्यासमोरच फाडलं. मग आतल्या साहेबांनी मला सल्ला दिला की शहराच्या पलीकडं एक संस्था आहे, वृद्धाश्रम चालवते, त्यांची कागदपत्रं बघा, आदर्श आहेत. मी रिक्षा करून गेले. बोर्ड असा चकचकीत की डोळे दिपावेत. दाराला कुलूप. जाळीतून पाहिलं तर हॉलमध्ये कुणाच्या तरी मोटारसायकली लावलेल्या. म्हातारं माणूस औषधाला नाही. शेजारचा पानवाला म्हणाला, निरीक्षण असतं त्या दिवशी बस भरून आणतात. यांना वर्षानुवर्षं अनुदान मिळतंय, आणि आपल्याला विचारतात, तुमच्याकडं अग्निशमन यंत्र आहे का! घरी येऊन मी आंघोळ केली. तुम्ही विचारलंत, अवेळी कसली आंघोळ? मी म्हटलं, उकडतंय. थंडीचे दिवस होते.

निरीक्षणाचा दिवस तर तुमच्या समोरच झाला. बायका नेहमीच्या वेळेला येऊन बसल्या होत्या, भात उतरला होता, आमटीचा वास गल्लीपर्यंत गेला होता. साहेब आले, फोटोवाला आला, बॅनर बांधला. मुख्य पाहुणे मात्र कुठंतरी ट्रॅफिकमध्ये अडकले. वाढायला घेतलं तर साहेब म्हणाले, जरा थांबा, फोटोत ताटं स्वच्छ दिसली पाहिजेत, आणि जेवायला लागल्या की माना खाली जातात. बायका रिकाम्या ताटांपुढं बसून राहिल्या. भात गार झाला. पाहुणे आले एकदाचे, तेव्हा फोटोवाला ओरडला, "माताजी, थाली ऊपर उठाइए! थोड़ा खुश दिखिए!" आणि त्या सगळ्या जणींनी रिकामी ताटं छातीपाशी धरून खरंच हसायचा प्रयत्न केला हो. गोदाबाईंनी तर आपलं ताट तोंडापुढंच धरलं. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतात, पदराला हात पुसत. पाहुणे गेल्यावर आमटी पुन्हा गरम केलीत आणि वाढायला घेतलीत.

त्याच फोटोवर अनुदान मंजूर झालं, बरं का. पण अटीसकट. दारात अंगठ्याचं मशीन बसणार. रोज प्रत्येक बाईचा अंगठा, आधारशी जुळला की मगच जेवण. 'सत्यापन के बाद भोजन.' तुम्ही साहेबांना म्हणालात, मशीन ठेवा, हरकत नाही, पण आत मोरीपाशी ठेवा, हात धुतल्यावर अंगठा देतील. तुमच्या दृष्टीनं केवढी माघार होती ती, मला कळलं होतं. साहेब हसले. म्हणाले, सिस्टममध्ये आधी अंगठा आहे, नंतर भोजन आहे, सिस्टम उलटी चालत नाही. बाईला भूक आधी लागते हे त्या सिस्टमला कुणी सांगितलंच नव्हतं.

पहिल्या दिवशी काय झालं ते आपण दोघींनी पुन्हा कधी तोंडानं उच्चारलं नाही. आज उच्चारते.

अंगठे उठेनात. जन्मभर भांडी घासलेल्या बायका त्या, रेषा राहिल्यात कुठे? मशीनवाला पोरगेला ऑपरेटर म्हणाला, काळजी नको, आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येईल. गोदाबाईंची पाळी आली. त्यांच्याकडं कुठला मोबाईल! त्यानं स्क्रीनवर नंबर पाहिला आणि आपण होऊन लावला, वर स्पीकर सुरू केला, हात मोकळे राहावेत म्हणून. पलीकडं मराठी आवाज. यानं हिंदीत सांगितलं, बनारसहून बोलतोय, तुमच्या आईच्या जेवणासाठी ओटीपी आलाय तो सांगा. आणि तिचं खरं नाव घेतलं, मोठ्यानं, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं. पलीकडचा माणूस म्हणाला, "राँग नंबर. आमची आई वारली."

गोदाबाई तिथंच उभ्या होत्या, वन्सं. हातभर अंतरावर. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, चप्पल घातली आणि पायऱ्या उतरून गेल्या. तुम्ही मागं धावलात, तर त्यांनी वळून फक्त हात हलवला, येऊ नका म्हणून. आणि तो ऑपरेटर मला विचारतो, "मैडम, फिर इनको रिकॉर्ड में मृत दिखाएँ क्या?" मला आजही त्याच्या आवाजाची शिसारी येते. त्यात वाईट हेतू नव्हता, म्हणूनच जास्त. त्याच्यासाठी तो एक रकाना होता.

तुम्ही मशीनची वायर काढलीत आणि ते कपाटात टाकलंत. त्या दिवशी आपण भांडलो. नीट, कडकडून, मला हवं होतं तसं. मी म्हटलं, एका बाईसाठी बाकीच्यांचं जेवण बंद पाडणार का? गॅसवाला उधारीवर देणार नाही, किराणावाला तोंड फिरवतोय, पुढच्या महिन्यात काय शिजवणार आहात? सिस्टम घाण आहे, मान्य, पण पैसा खरा आहे. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मग तूच बस दारात. तुला बँकेची सवय आहे."

लागलं मला ते. खोलवर लागलं. मी बोलणं टाकलं. म्हणजे चहा झाला का, दूध तापवू का, एवढंच. एवढ्यात तुमचा ताप छातीत उतरला, आणि दवाखान्यात ऑक्सिजनचा मास्क तोंडावर चढला, आणि मग तुमच्याशी बोलायचं तर एकतर्फी बोलावं लागणार होतं. तसलं भांडण मला नको होतं. तुम्ही बऱ्या होऊन या, मग बघते, असं म्हणत राहिले. तुम्ही आला नाहीत.

एक सांगायचं राहिलं. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा मी गोदाबाईंना शोधत होते. घाटांवरून चालत चालत मुन्शी घाटापर्यंत गेले, माझे गुडघे कसले आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. तिथल्या एका फुलवालीनं सांगितलं, एक मराठी अम्मा कधी कधी येऊन बसते, कुणाशी बोलत नाही. मी तिच्याजवळ निरोप ठेवला की ब्रह्मा घाटावरचं मशीन बंद आहे, जेवायला या. तुम्हाला हे सांगितलं असतं तर तुम्ही जिंकल्यासारखं हसला असतात. म्हणून लांबवलं. तुम्ही गेल्यावर पुन्हा जाऊन निरोप ठेवला, की ताई गेल्या, तेराव्याला या.

आता कालचं ऐका. तेराव्याची पंगत मी जेवणघरातच केली, आपल्या बायकांची. शिरा, वरण-भात, बटाट्याची भाजी तुम्हाला आवडायची तशी, पंचामृत. ताटं मांडली, तर दारात साहेब. शाल, नारळ, फ्रेममधलं सन्मानपत्र, मागं तो ऑपरेटर आणि फोटोवाला. मला म्हणाले, अडकलेलं अनुदान द्यायला आम्ही तयार आहोत, केंद्राला ताईंचंच नाव देऊ. फक्त एक केस पेंडिंग आहे, त्या माताजींचं सत्यापन झालेलं नाही, नाव पोर्टलवर अडकलंय. बाईला ओळखून कुणी नाव सांगितलं तरी ते मिटेल, आणि मिटलं की पैसा जमा. "और मशीन आज से ही शुरू कर दें, दीदी की आत्मा को शांति मिलेगी." असं म्हणेपर्यंत ऑपरेटरनं स्टूल ओढून नवं मशीन दारात मांडलंसुद्धा. तुमच्या फोटोला हार घालताना त्यांनी फोटोवाल्याकडं पाहून मान किंचित वळवली. तुमच्याकडं पाठ आली त्यांची.

मी ठरवूनच ठेवलं होतं, वन्सं. हे लोक कधीतरी जेवायला बसतीलच, आणि बसले की सगळ्या पंगतीदेखत विचारायचं, आधार आणलंय का? अंगठा द्या आधी. हसा जरा, ताट वर धरा. रात्रंदिवस घोकत होते. आणि ते बसले की! बूट काढून, मांडी घालून, पार टोकाला. शिऱ्याचा वासच तसा सुटला होता. मी वरणाचं पातेलं घेऊन पुढ्यात गेले, वाकले. साहेबांनी वर पाहिलं. सकाळपासून पोटात काही नसावं, नजर सगळी पातेल्यात. मी तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं? "अजून घ्या." तुम्ही माझी जीभसुद्धा बिघडवून गेलात.

तेवढ्यात दाराशी सावली आली. गोदाबाई. पदर डोक्यावरून पुढं ओढलेला, पूर्वीपेक्षा निम्म्या झालेल्या. उंबऱ्यावर पाय टाकला आणि त्यांना स्टुलावरचं मशीन दिसलं. पाय मागं घेतला त्यांनी. वळल्याच होत्या.

मी पातेलं खाली ठेवलं. मशीन उचललं, वायर ओढून काढली, आणि बाहेर ओट्यावर नेऊन ठेवलं. गाय उभी होती, तिनं हुंगलं आणि सोडून दिलं. ऑपरेटर "मैडम, मैडम" करत राहिला. मी गोदाबाईंचा हात धरला, म्हटलं, या, पान मांडलंय. बसवलं, शिरा वाढला, आणि तिथून हलले नाही पहिला घास जाईपर्यंत.

जेवणं झाली. साहेब मोरीपाशी हात धूत होते, मी तांब्यानं पाणी घालत होते. मागून गोदाबाई आल्या, त्यांनीही हात धुतले. साहेबांनी रुमालाला हात पुसता पुसता त्यांच्याकडं निरखून पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "ये वही माताजी हैं न? पेंडिंग वाली? नाम बता दीजिए, अभी क्लियर कर देते हैं."

हात धुऊन झाले होते, वन्सं. तुमच्या नियमानं विचारायला मोकळीक होती. आणि नाव मला पाठ आहे. त्या दिवशी स्पीकरच्या वेळी ऐकलं ते अजून कानातून जात नाही. एक शब्द बोलले असते तर पुढच्या महिन्याचा गॅस, किराणा, सगळं मिटत होतं. मी अजूनही म्हणते, तो पैसा आपल्या हक्काचा आहे, आणि तो मागायला मी पुन्हा जाणार आहे, वरच्या कार्यालयात, त्याच्या वरच्या कार्यालयात, भांडत.

पण काल मी म्हटलं, "नाही हो. मला माहीत नाही यांचं नाव."

साक्षात काशीत, तुमच्या तेराव्याला, तुमच्या फोटोसमोर धडधडीत खोटं बोलले. गोदाबाईंनी चूळ भरायला ओंजळ पुढं केली, मी तिच्यात पाणी घातलं.

बोला आता.